म्हणजे तिला नेमकं काय येत नाही?

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती आणि मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. दाराबाहेर चपला काढून एक माणूस आत आला. हातात चार घड्या घातलेला पेपर, दहावी, विज्ञान भाग १, प्रथम सत्र. मागे त्याची मुलगी, माझीच विद्यार्थिनी, फरशीकडे बघत उभी.

"मॅडम, हिला चाळीसपैकी सोळा पडलेत," तो म्हणाला.

मी मनातल्या मनात उत्तर जुळवायला लागले. आता हा एकतर मार्क वाढवा म्हणेल, नाहीतर माझ्यासमोर पोरीला रागवेल. दोन्हीची सवय झालेली आहे. पण त्याने तिसरंच विचारलं.

"सोळा म्हणजे तिला नेमकं काय येत न्हाई, ते सांगा. दहावी झाली की लातूरला टाकावं म्हणायलो. दीड एकर गहाण ठेवावं लागतंय. त्याच्या आधी इचारून घ्यावं म्हनलं."

मी पेपर उलगडला. लाल पेनाने मीच दिलेले गुण होते. एक, अर्धा, शून्य, दोन. बेरीज बरोबर होती. त्यापलीकडे मला त्यात काहीच दिसेना.

"अभ्यास कमी पडतोय," मी म्हणाले. "मेहनत वाढवायला पाहिजे."

"ते तर हायेच," तो शांतपणे म्हणाला. "पण बघा, आडतीवर सोयाबीन घातलं की पट्टी येती. हमाली किती, तोलाई किती, कशाचे किती कापले, समदं लिवलेलं आसतंय. तुमच्या पट्टीत निसतं सोळा हाय."

मी त्याला सुट्टीनंतर यायला सांगितलं. तो गेल्यावर डबा तसाच राहिला. प्रश्न मी काढले होते, पेपर मी तपासला होता, बेरीज मी केली होती. आणि चोवीस गुण कुठे गेले, हे मला सांगता आलं नव्हतं.

*

मी लोहा तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. नांदेडला राहते, रोज एसटीने जाऊन-येऊन करते. पेपर काढणाऱ्यांच्या बाजूला येऊन मला तीनच वर्षं झालीत. त्याआधी मीही पेपर सोडवणारीच होते, आणि तेही लातूरला.

आमच्याकडे 'लातूरला टाकणं' हे एक स्वतंत्र क्रियापद आहे. दहावीला बरे मार्क पडले की घरात त्याच्यावर चर्चा सुरू होते. नांदेडलाही आता श्यामनगर, बाबानगरकडे क्लासच्या पाट्यांची गर्दी आहे. तरी 'टाकणं' म्हटलं की लातूरच. त्याला इतिहास आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे, जे पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नंतरच्या वर्षांत शाहू, दयानंद अशा कॉलेजांतली मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत दिसायला लागली आणि पुण्या-मुंबईचे लोक 'लातूर पॅटर्न' असा शब्द वापरायला लागले. त्या पॅटर्नचं वर्णन जुने शिक्षक अगदी साधं करतात: कॉलेजच्या वेळेबाहेर जादा तास, एकामागून एक सराव चाचण्या, आणि तपासलेला पेपर हातात देऊन चुका परत सोडवून घेणं.

यातला तिसरा भाग महत्त्वाचा होता असं मला आता वाटतं. मी २०१५ मध्ये अकरावीला लातूरला गेले, तेव्हा मी ज्या क्लासला होते तिथे पहिले दोन भाग होते आणि तिसरा नव्हता. दर रविवारी चाचणी. ओएमआर शीट. संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर रँकची पीडीएफ. शीट परत मिळायची नाही. रँकप्रमाणे बॅच, बॅचप्रमाणे शिक्षक.

पहिल्या सहामाहीत माझी रँक पन्नासच्या आत असायची. मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर. ती बातमी देशभर गाजली. आमच्या खोलीवर त्या दिवसांत टँकर रात्री कधीही यायचा. साडेबारा, दोन, चार. आम्ही तिघी पाळीपाळीने जागायचो. घागरी, बादल्या, मेसचे रिकामे तेलाचे डबे, सगळं भरून ठेवायचो.

त्या महिन्यातल्या एका रविवारी माझी रँक ४१ वरून १६३ झाली. पुढच्याच आठवड्यात माझी बॅच बदलली. कुणी विचारलं नाही की सात दिवसांत ही मुलगी एकदम एवढी ढ कशी झाली. मीही विचारलं नाही. मी तो आकडा खरा मानला. त्या वर्षी पुढे पाऊस चांगला झाला, मांजरा भरलं, पाणी आलं, आणि माझी रँक हळूहळू साठच्या आसपास परत आली. पण तोवर 'आपण तशा हुशार नाही' हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. बारावीला नीट दिली, नंबर लागला नाही, आणि मी नांदेडला बीएस्सीला प्रवेश घेतला. नीटचा दोष मी त्या एका रविवारला देत नाही. पण त्या रविवारी माझं भौतिकशास्त्र मोजलं गेलं नव्हतं. माझी झोप मोजली गेली होती.

*

बी.एड.ला मला या सगळ्यासाठी शब्द मिळाले. चाचणी जे मोजायचं म्हणते तेच मोजते का, याला सप्रमाणता म्हणतात. तेच पुन्हा मोजलं तर साधारण तेवढंच येतं का, याला विश्वसनीयता म्हणतात. सोयाबीनवाल्याला हे पटकन समजतं. एका दुकानातल्या यंत्राने ओलावा बारा दाखवला आणि समोरच्या दुकानातल्या यंत्राने सोळा, तर त्यांतलं निदान एक यंत्र विश्वासाचं नाही. आणि दोन्ही यंत्रांनी बारा दाखवला, तरी त्यावरून दाण्यात तेल किती ते कळत नाही. त्यासाठी ते यंत्र बनलेलंच नाही.

आम्हाला संविधान तक्ता शिकवला होता. आडव्या ओळींत धडे, उभ्या रकान्यांत उद्दिष्टं: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. कुठल्या चौकोनात किती गुण हे आधी ठरवायचं आणि मग प्रश्न लिहायचे. १९५६ साली आलेल्या ब्लूमच्या वर्गीकरणापासून निघालेली ही पद्धत आहे. मी तो तक्ता रंगीत पेनांनी सुंदर काढला, फाइलला 'अ' श्रेणी मिळाली, आणि फाइल माळ्यावर गेली. नोकरी लागल्यावर पेपर काढायचा म्हणजे आधीच्या वर्षीचा पेपर समोर ठेवायचा, गाइडमधले चार प्रश्न घ्यायचे आणि रात्री अकरा वाजता टाइप करून हेडसरांना पाठवायचा, एवढंच उरलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती फाइल खाली काढली. काढलेल्या पेपराचा तक्ता उलट बाजूने भरला. प्रत्येक प्रश्न कुठल्या चौकोनात पडतो ते लिहीत गेले.

चाळीसपैकी एकोणतीस गुण निव्वळ पाठांतराचे निघाले. व्याख्या लिहा, नियम लिहा, फरक स्पष्ट करा. सात गुण समजून उत्तर द्यायचे. चार गुणांची उदाहरणं. धड्यांची विभागणी तर त्याहून वाईट होती. गुरुत्वाकर्षणाला चौदा गुण, कारण तो धडा मला आवडतो. आवर्ती वर्गीकरणाला अकरा, रासायनिक अभिक्रियांना आठ, विद्युतधारेच्या परिणामांना पाच. उष्णतेला दोन, कारण तो घाईत उरकला होता. माझ्याच टाचणवहीत बघितलं, तर सगळ्यात जास्त तासिका विद्युतधारेवर गेल्या होत्या. आठवडेच्या आठवडे जे शिकवलं त्याला पाच गुण. मुलांनी यावरून काय शिकायचं? मॅडमना कुठला धडा आवडतो ते ओळखा, एवढंच.

म्हणजे त्या बापाला खरं सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं: काका, सोळा गुणांचा अर्थ तुमच्या मुलीला गाइडमधल्या व्याख्या पाठ नाहीत. विज्ञान येतं की नाही, ते मी विचारलेलंच नाही.

*

मग मला तपासणीचीही शंका यायला लागली. मी सगळ्या चौतीस पेपरांवरची नावं कागद चिकटवून झाकली, आधी दिलेले गुण झाकले, गठ्ठा पिसला आणि पुन्हा तपासला. यावेळी एक बदल केला. एकेक पेपर पूर्ण तपासण्याऐवजी आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. आणि प्रत्येक प्रश्नाला कशासाठी अर्धा आणि कशासाठी एक, हे आधीच कागदावर लिहून ठेवलं.

बहुतेकांचे गुण एक-दोनने इकडेतिकडे झाले. तिघांचे मात्र चार किंवा जास्त. एका मुलाचे तेवीसचे अठरा झाले. त्याचं अक्षर टपोरं आहे, उत्तराच्या खाली दोन रेघा मारतो, आणि मी पहिल्यांदा त्या रेघांना गुण दिले होते. सोळावाल्या मुलीचे एकोणीस झाले. तिचा पेपर पहिल्या वेळी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या पेपरानंतर लगेच आला होता. वही तीच, शाई तीच, शिक्षिका तीच.

हा शोध काही मी लावलेला नाही. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून जास्त शाळांत तपासायला पाठवल्या होत्या, आणि शंभरपैकी तीसहून जास्त गुणांचा फरक पडला होता. बी.एड.च्या पुस्तकात मी हे वाचलं होतं. तेव्हा ते बाकीच्या शिक्षकांबद्दल आहे असं वाटलं होतं.

शेवटी बहुपर्यायी प्रश्न बघितले. यासाठी एक सोपी पद्धत आहे. गुणांप्रमाणे पेपर लावायचे, वरचे साधारण २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्यायचे, माझ्या वर्गात नऊ आणि नऊ. मग प्रत्येक प्रश्न वरच्या किती जणांना आला आणि खालच्या किती जणांना, ते मोजायचं. चांगला प्रश्न वरच्यांना जास्त यायला हवा. माझा एक प्रश्न वरच्या तिघांना आला होता आणि खालच्या पाच जणांना.

प्रश्न असा होता: वस्तू पृथ्वीवरून चंद्रावर नेल्यास काय होईल? पर्याय: वस्तुमान कमी होईल, वजन कमी होईल, गुरुत्व त्वरण कमी होईल, काहीच बदलणार नाही. माझ्या उत्तरसूचीत 'वजन'. पण गुरुत्व त्वरणही कमीच मिळतं, आणि ते कमी म्हणून तर वजन कमी! ज्यांनी खोलात विचार केला त्यांनी तिसरा पर्याय निवडला आणि मी त्यांचा गुण कापला. सोळावाल्या मुलीनेही तिसराच निवडला होता.

*

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं. पेपर नाही, वही नाही. व्हरांड्यात उभं राहून विचारलं.

"पृथ्वीवर एका माणसाचं वस्तुमान साठ किलो आहे. तो चंद्रावर गेला. आता त्याचं वस्तुमान किती?"

"साठच की," ती म्हणाली. "माणूस तेवढाच हाय ना मॅडम."

हाच प्रश्न मी त्याच दिवशी चौतीस गुणवाल्या मुलाला विचारला. तो लगेच म्हणाला, "दहा किलो. एक षष्ठांश." वस्तुमान आणि वजन यांतला फरक त्याने पेपरात तक्ता आखून लिहिला होता आणि मी त्याला पैकीच्या पैकी दिले होते.

त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं. त्या चौतीस गुणांनी त्याचीही फसवणूकच केली होती, आणि त्याचा बाप तर विचारायलाही येणार नव्हता.

मग मी मुलीला पुढे नेलं. "आता त्याचं पृथ्वीवरचं वजन काढ." तिने सूत्र सांगितलं, साठ गुणिले नऊ पूर्णांक आठ. गुणाकार मी करून दिला, ५८८ न्यूटन. "चंद्रावर?" "त्याचा सहावा हिस्सा." "मग किती?" मी तिला खडू दिला. तिने व्हरांड्याच्या फरशीवर ५८८ लिहिले, पुढे भागाकाराचं चिन्ह काढलं, सहा लिहिले. आणि थांबली. खडू हातात फिरवत राहिली.

'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाचं सर्वेक्षण करते. कार्यकर्ते घरोघरी जाऊन एकेका मुलासमोर बसतात आणि तोंडी तपासतात. वाचनाच्या पायऱ्या आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणिताचीही शिडी आहे, आणि तिच्यातली सगळ्यात वरची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. प्राथमिक शाळेची शिडी. माझी दहावीतली मुलगी गुरुत्वाकर्षण समजून त्या पायरीवर अडली होती. आणि मी आजवर तिच्या प्रत्येक उदाहरणाला 'उत्तर चूक' म्हणून शून्य देत आले होते.

*

मी वीस गुणांची एक छोटी चाचणी काढली. यावेळी तक्ता आधी आणि प्रश्न नंतर. जेवढ्या तासिका तेवढं वजन. 'फ्यूज म्हणजे काय' असं विचारलं नाही. 'फ्यूज सारखा जातो म्हणून त्याजागी तांब्याची जाड तार लावली तर काय धोका आहे' असं विचारलं. गावात निम्म्या घरांत तशी तार आहे. उदाहरणांत सूत्र आणि मांडणीचे गुण वेगळे ठेवले, आकडेमोडीचे वेगळे. पेपर गणिताच्या सरांना वाचायला दिला. त्यांनी दोन प्रश्नांवर बोट ठेवलं: "हे दोन तऱ्हेनं वाचता येतंय." बदलले.

हेडसर फारसे खूश नव्हते. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकले नाही. "मॅडम, मार्चमध्ये बोर्ड यांना व्याख्याच विचारणार आहे. प्रयोग नववीला करा." शिवाय तासिका तत्त्वावर तास घेतल्याचे पैसे मिळतात, पेपर दोनदा तपासल्याचे नाहीत. मी त्यांना एवढंच म्हणाले की सराव परीक्षा बोर्डाच्या धर्तीवरच घेईन, ही फक्त माझ्यासाठी आहे.

प्रत्येकाच्या पेपराला मी एक चिठ्ठी लावली. तिच्या चिठ्ठीवर असं होतं:

पाठांतर: ५ पैकी २
समज: ७ पैकी ६
सूत्र आणि मांडणी: ४ पैकी ४
आकडेमोड: ४ पैकी ०

वीसपैकी बारा. तिने चिठ्ठी बराच वेळ वाचली. मग विचारलं, "म्हणजे मला विज्ञान येतंय?"

बाप पुढच्या शनिवारी आला. मी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली आणि बोट लावून एकेक ओळ सांगितली. "काका, तिला विज्ञान कळतं. पाठांतर थोडं कमी आहे, ते होईल. तिला भागाकार आणि दशांश चिन्ह येत नाही. हे चौथी-पाचवीतलं राहून गेलंय."

तो काही बोलला नाही. चिठ्ठीची घडी घातली, परत उघडली.

"चौथीला ती आमच्यासंगं कारखान्याला होती," तो म्हणाला. "दुष्काळ होता त्या साली. दिवाळीला गेलो ते उन्हाळ्यात आलो. पाचवीच्या शेवटाला लॉकडाऊन लागला."

२०१८ चा दुष्काळ. ऊसतोड. एका रकान्यातल्या शून्याचा पत्ता एवढा लांबचा निघाला. पेपर परत घेऊन आलेल्या बापाने विचारलं नसतं, तर मी तिच्या नावापुढे 'अभ्यास कमी' असंच लिहून ठेवलं असतं.

"मग लातूरला टाकू का?" त्याने शेवटी विचारलं.

त्याला उत्तर हवं होतं आणि मला ते द्यावंसं वाटत होतं. पण वीस गुणांच्या चाचणीवरून दीड एकराचं उत्तर देणं म्हणजे ओलाव्याच्या यंत्रावरून तेल सांगणं. चाचणी चांगली असली तरी तिला ज्यासाठी बनवली तेवढंच विचारता येतं. मी त्याला म्हणाले, तिला काय येतं आणि काय नाही हे मी सांगितलं. ती दोन वर्षं घराबाहेर राहील का, तिला ते आवडेल का, जमीन गहाण टाकावी का, हे या कागदात नाही. तिला विचारा.

त्याला हे फारसं रुचलं नाही. पण जाताना चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून घेऊन गेला.

*

नोव्हेंबरपासून आम्ही रोज परिपाठाआधी अर्धा तास भागाकार केले. ती एकटी नव्हती. चिठ्ठ्या बघितल्यावर आकडेमोडीत शून्य असलेले आणखी सहा जण निघाले. त्यातला एक चौतीस गुणवाला होता. फेब्रुवारीच्या सराव परीक्षेत, बोर्डाच्या धर्तीवर, तिला चाळीसपैकी चोवीस मिळाले. गोष्टीत असते तशी उडी नाही. पण चोवीसमधले किती कशाचे, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

या जूनमध्ये तिच्या बापाने तिला लातूरला टाकलंच. जमीन गहाण टाकली की नाही ते मी विचारलं नाही.

नीटला दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं बसतात. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर उणे एक. त्या परीक्षेचं काम मुलांना रांगेत लावणं हे आहे, कारण जागा थोड्या आहेत. तिला रँकच द्यावी लागते. पण दर रविवारची वर्गातली चाचणी हे छोटं नीट नव्हे. तिचं काम सोमवारी कुठून सुरुवात करायची ते सांगणं. ते काम रँकने होत नाही. दहा वर्षांपूर्वी १६३ या आकड्याकडे बघताना मला हे कुणी सांगायला हवं होतं.

गेल्या महिन्यात रविवारी रात्री तिचा मेसेज आला. "मॅडम रँक २१२ आली. काय चुकलं कळंना. शीट परत देत नाहीत, आन्सर की टाकतात फक्त."

मी विचारलं, प्रश्नपत्रिका आहे का? हो म्हणाली. मी लिहिलं: उत्तरसूची समोर ठेव. जे जे चुकलं असेल त्याच्यापुढे खरंखरं लिही, माहीत नव्हतं, कळलं नव्हतं, की आकडेमोड चुकली. शेवटी बेरीज कर.

पाऊण तासाने फोटो आला. वहीचं पान, पट्टीने आखलेले चार रकाने. चौथा तिने स्वतःहून वाढवला होता: 'घाई'. सगळ्यात जास्त खुणा त्यातच होत्या. आकडेमोडीच्या रकान्यात दोन.

खाली तिने विचारलं होतं, "ही पट्टी बाबाला पाठवू का?"

मी लिहिलं, पाठव.